शाळा वाचवणारी चिली

तुम्ही कधी खिमा-राजम्याची चिली घेऊन शाळा वाचवायला निघाला होतात का? निघू नका. मी निघाले होते.

अमेरिकेतल्या आमच्या एरी तळ्याकाठच्या शहरात सरकार शाळांना तारे देतं, हॉटेलांना देतात तसे. आमच्या ऐटकिन स्ट्रीट प्राथमिक शाळेला पाचापैकी एक मिळाला. (तोही इमारत अजून उभी आहे म्हणून, असं माझा नवरा ओटिस म्हणतो.) मुख्याध्यापक डॉक्टर पेल यांनी ताबडतोब कडक उपाय योजले. दारावर ‘उत्तुंगतेकडे झेप!’ असा फलक लावला आणि खर्च कमी करायला मिस ओडेटना काढायचं ठरवलं. मिस ओडेट (आमच्याकडे लग्न झालेलीलाही मानाने मिसच म्हणतात) वाचन शिकवतात. मुलांना वाचता येत नाही म्हणून तारे गेले, तर वाचन शिकवणारीच घालवायची! एवढी अक्कल यायला डॉक्टरेट लागत असणार. मी हायस्कूलवर थांबले ते बरंच झालं.

माझी क्लिओ तिसरीत आहे. तिसरीत नीट वाचता आलं नाही, तर चौथीत पाठवत नाहीत. मागच्या वर्षी पुस्तक दिसलं की तिचं पोट दुखायचं. आता मिस ओडेटच्या कृपेने ती सकाळी नाश्त्याच्या खोक्यावरची रसायनंसुद्धा मोठ्याने वाचते. (ती ऐकून आता माझं पोट दुखतं.)

अशात ‘पालकांचं ऐकण्याची संध्याकाळ’ जाहीर झाली. अल्पोपाहार मिळेल, असंही कळवलं होतं. गेल्या खेपेस अल्पोपाहार म्हणजे एकेक खारं बिस्किट होतं, आणि पालक भुकेने अर्ध्यात उठून गेले होते. म्हणून मी ठरवलं, आपण विजेच्या स्लो कुकरभर चिली न्यायची. पोट भरलं की माणूस बसून भांडतो.

“तिथे तो कुकर लावू नकोस, वर्नेल,” ओटिस म्हणाला. “त्या इमारतीत पेन्सिलीला टोक करायचं यंत्र लावलं तरी दिवे मिचमिचतात.”

“गार चिली खाऊन कोणी भांडतं का रे?”

“तुझी खाऊन भांडतील. मीठ जास्त आहे.”

मी ही गोष्ट फक्त समोरच्या मार्व्हाला सांगितली. त्यामुळे त्या संध्याकाळी शाळेच्या व्यायामशाळेतल्या लांब टेबलावर मॅकरोनी, मांसाचे गोळे, पालेभाजी, झालंच तर गोड सॉसमधले सॉसेज, असं सगळं आपापल्या स्लो कुकरमध्ये मांडून बसलं होतं. सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. एक भोक रिकामं होतं. मला तो देवाचा संकेत वाटला. मी माझा कुकर लावला.

सभेत बोलायला मात्र बंदी होती. बाहेरून बोलावलेली ब्रिन नावाची एक तरुण सल्लागार आली होती. तिने रंगीत चिठ्ठ्या आणि गोल टिकल्या वाटल्या. “आपली चिंता लिहून भिंतीवर लावा. जी चिंता जास्त आवडेल तिला टिकली लावा!”

“मला एकही चिंता आवडत नाही, बाळ,” मार्व्हा म्हणाली. “मला उत्तर हवंय.”

“सुरेख! ते हिरव्या चिठ्ठीवर लिहा ना.”

सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, मिस ओडेटना ठेवा. ब्रिनने भिंतीकडे कौतुकाने पाहिलं, म्हणाली, “किती ऊर्जा आहे इथे!” आणि त्या सगळ्या चिठ्ठ्या उचलून एका मोठ्या कागदावर चिकटवल्या. कागदावर ‘पार्किंग’ लिहिलं होतं. ज्यावर बोलायचं नाही ते विषय तिथे उभे करतात.

“पार्किंगमधून माझी गाडी तरी परत मिळते,” मार्व्हा पुटपुटली.

मग पडद्यावर आलेख सुरू झाले. मी हळूच चिलीला हात लावून पाहिला. कोमट. मी बटण ‘मंद’वरून ‘तेज’वर फिरवलं.

फट्!

सगळी शाळा अंधारात. आलेख गेला, आणि त्याबरोबर ब्रिनची वाचाही गेली. चित्राशिवाय बोलायला तिला कोणी शिकवलंच नसावं.

“शांत राहा!” डॉक्टर पेल ओरडले. शांतच होतो आम्ही. कोणी मोबाइलचा दिवासुद्धा लावला नाही. मला वाटतं, सगळ्यांनाच तो अंधार आवडला होता.

मी उजेडात बस ड्रायव्हरलासुद्धा ‘कृपया’ म्हणणारी बाई. पण अंधारात, हातात पळी घेऊन, मी उभी राहिले. “डॉक्टर पेल, मिस ओडेट राहणार की जाणार?”

“मिस वर्नेल, तो विषय पार्किंगमध्ये आहे.”

“पार्किंग दिसत नाहीये, डॉक्टर.”

“हे पाहा, आधी आपण दाराकडे...”

“दार कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे, तुम्हाला नाही,” मार्व्हा म्हणाली. “उत्तर द्या, मग दाखवते.”

एक खुर्ची पडली. डॉक्टर पेल कळवळले. “बरं, बरं! मिस ओडेट शाळेतच राहतील! शब्द देतो!”

मग काय, टाळ्या, शिट्ट्या, मोबाइलचे दिवे! मागच्या रांगेत बसलेल्या मिस ओडेट येऊन माझ्या गळ्यात पडून रडल्या. चिलीचा तळ दिसला. (मिठाचा विषय कोणी काढला नाही.) घरी आल्यावर ओटिसने मला सलाम ठोकला. लढाई जिंकलेल्या सेनापतीसारखी मी घोरले, असं तो सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस ओडेटसाठी मक्याचा पाव घेऊन क्लिओबरोबर शाळेत गेले. ‘उत्तुंगतेकडे झेप!’च्या जागी नवा फलक होता. त्याच्याखाली पिवळं जाकीट घालून मिस ओडेट येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासत उभ्या होत्या. डॉक्टर पेलनी शब्द पाळला होता. वाचनाला पैसे नव्हते, सुरक्षेला होते. क्लिओने ‘शाळेच्या आवारात विद्युत पाकपात्रे आणण्यास सक्त मनाई आहे’ हे सगळं एकदाही न अडखळता मोठ्याने वाचलं. मिस ओडेटनी डोळे पुसले, “माफ करा हं, मिस वर्नेल,” म्हणाल्या, आणि माझ्या मक्याच्या पावाला कुठे वायर नाही ना, ते उलटंपालटं करून पाहिलं.