पिनहूकचा चार ताऱ्यांचा भोंगेवाला

माणसाची पारख करणं ही जगातली सर्वांत अवघड विद्या आहे. म्हणूनच बहुतेक लोक ती स्वतः करत नाहीत, दुसऱ्याने केलेली वापरतात. या बाबतीत जॉर्जियातल्या टॅलबॉट स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल विभागाने जे कार्य केलं, त्याला तोड नाही. (फुटबॉल म्हटलं की पाय आठवू नयेत. इकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात असतो आणि पाय दुसऱ्याच्या छातीवर.)

शाळकरी पोरांमधून खेळाडू निवडण्याची विभागाची पद्धत शास्त्रशुद्ध होती. उंची, वजन, पंजाची रुंदी, धावण्याचा वेग हे तर कोणीही मोजतं. टॅलबॉट स्टेट त्यापुढे जाऊन मुलाच्या आईची उंची विचारत असे (पोरगा अजून वाढेल का ते कळावं म्हणून), तो जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतो का ते पाहत असे, आणि 'सर' म्हणताना नजर वर असते की खाली तेही टिपून ठेवत असे. हे सगळं यथासांग झालं, की शेजारच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठाने त्या पोराला मागणी घातली आहे का ते बघून निर्णय घेतला जाई. आधीच्या मोजमापांचा निर्णयाशी संबंध नसे, पण त्यांच्यामुळे निर्णयाला वजन येई.

लायल पिकेट हा या विभागाचा फिरता पारखी. पन्नाशीला टेकलेला, सज्जन, गुडघे कामातून गेलेले. त्याच्या गाडीच्या दारावर संघाचं चिन्ह होतं, डोळे वटारलेला रानडुक्कर. संघ मागच्या हंगामात इतक्या सातत्याने हरला होता, की सातत्याला बक्षीस असतं तर तेवढं तरी मिळालं असतं. लायलची नोकरी वर्षावर्षाच्या करारावर होती आणि मुख्य प्रशिक्षक बड ग्रिझम हल्ली त्याच्याकडे, घर बदलताना माणूस जुन्या सोफ्याकडे बघतो, तसं बघत असे.

एका शुक्रवारी लायल पिनहूक गावच्या शाळेचा एक चपळ धावपटू बघायला गेला. धावपटूचा घोटा मोडला होता. सामना संपला, भूक लागली, आणि गावातलं एकुलतं एक खाण्याचं ठिकाण सामन्यासाठी बंद होतं. शाळेच्या बसपाशी एक प्रचंड पोरगा ट्यूबा नावाचा भलामोठा पितळी भोंगा आत चढवत होता. लायलने त्याला विचारलं, इथे जेवायला कुठे मिळेल? पोरगा म्हणाला, "आमच्याकडे, सर." आणि खरोखरच घरी घेऊन गेला.

पोराचं नाव ऑरेलियस मॅबरी. दारातून आत येताना तो थोडा तिरका होई, सवयीने. तो शाळेच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवत असे आणि फुटबॉल त्याने आयुष्यात कधी खेळलेला नव्हता. सामन्याच्या मध्यंतरात बँड मैदानावर उतरे, तेवढाच त्याचा मैदानाशी संबंध. त्याची आई व्हर्लीन गावाबाहेरच्या कोंबड्या सोलायच्या कारखान्यात कामाला होती, म्हणून घरात कोंबडी शिजत नसे. तिने लायलला तळलेला मासा आणि मक्याचा पाव वाढला, वर पीचचा गोड पदार्थ. लायल दुसऱ्यांदा वाढून घेत होता. त्याच वेळी बाहेरच्या रस्त्यावरून शेजारच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठाचा पारखी रँडल कूट्स चालला होता. त्याने मॅबरींच्या दारात रानडुकराची गाडी पाहिली, खिडकीतून पोराचे खांदे पाहिले, आणि घरी न जाता थेट फोन लावला.

पुढचं सगळं नियमानुसार झालं. सोमवारी कूट्सच्या विद्यापीठाने ऑरेलियसला मागणी घातली. खेळाडूंना तारे देणारं एक संकेतस्थळ असतं. तिथल्या अधिकारी व्यक्तीने (हे गृहस्थ घराबाहेर पडत नाहीत, कारण बाहेर पडलं की पूर्वग्रह तयार होतात) त्याला दोन तारे दिले. तारे दिसल्यावर आणखी विद्यापीठं धावली. विद्यापीठं धावली हे पाहून तारे चार झाले. पोराची चित्रफीत कुठेच मिळत नव्हती, यावरून शाळा त्याला लपवून ठेवत असली पाहिजे असा तर्क निघाला, आणि लपवण्याजोगं काहीतरी असल्याशिवाय कोण लपवतं?

ग्रिझमने लायलला बोलावून घेतलं.

"त्या मॅबरीच्या घरी तू सगळ्यांच्या आधी गेला होतास म्हणे. मग मला बोलला का नाहीस?"

"तो खेळत नाही, कोच. बँडमध्ये ट्यूबा वाजवतो."

ग्रिझमने उठून दार लावून घेतलं. मग म्हणाला, "हे कूट्सला ठाऊक आहे?"

"नसावं. त्याने माझी गाडी दारात बघितली, म्हणून मागणी घातली."

"बघ. म्हणजे कूट्सचा तुझ्या पारखीवर केवढा विश्वास आहे. तुझाच नाही."

लायलने पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. मासा, मक्याचा पाव, बंद असलेली खाणावळ. ग्रिझमने हात वर केला.

"पोराला चार तारे आहेत, लायल. तुला किती आहेत?"

लायल पिनहूकला निघाला. वाटभर त्याला एकच चित्र दिसत होतं, पलीकडच्या संघातली रेड्यासारखी पोरं त्या भल्या मुलावर चाल करून येतायत आणि हा आदबीने बाजूला होऊन त्यांना वाट देतोय. या खेळात आदबीला फार वाईट दिवस येतात.

मॅबरींच्या दारात गाड्यांची रांग होती. व्हर्लीनने या खेपेला कोणालाही जेवायला वाढलं नव्हतं. बाकीचे गेल्यावर तिने लायलला स्वयंपाकघरात नेऊन बसवलं.

"कोच, माझ्या पोराला फुटबॉल येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. इतके जण येऊन गेले, एकाने विचारलं नाही. माझी उंची मात्र सगळ्यांना हवी आहे."

"माहीत आहे, मिस व्हर्लीन."

"मग तुम्ही कशाला आलात?"

लायलने वाटेत उत्तर पाठ केलं होतं. त्यात कुटुंब, चारित्र्य आणि उज्ज्वल भवितव्य असे शब्द होते. ते ऐन वेळी तोंडातून निघेनात. "मला पाठवलंय," तो म्हणाला. "नोकरी आहे. माझं विचाराल तर नाही म्हणा. एक धडक बसली तर पोरगा उठायचा नाही."

व्हर्लीन हात पुसत उभी राहिली. मग तिने सांगितलं ते असं. टॅलबॉट स्टेटचे संगीत विभागवाले ऑरेलियसला पुस्तकांपुरती मदत देत होते. बाकीचे पैसे ती कुठून आणणार? दोन वर्षं ती हाच विचार करत होती. आणि हे फुटबॉलवाले राहणं, खाणं, शिकणं, सगळं ताटात वाढून द्यायला निघाले होते, तेही न येणाऱ्या गोष्टीसाठी.

"इतके जण खोटं बोलून गेले, तुम्ही एकटेच खरं बोललात," ती म्हणाली. "म्हणून तुमच्याकडेच देते. पण त्याची बोटं सांभाळा. एक बोट जरी वाकडं झालं ना कोच, तर तुमच्या गाडीवरचा तो डुक्कर मी सोलून ठेवीन. मी दिवसभर तेच काम करते."

ऑरेलियस दाराशी उभा होता. त्याने एकच गोष्ट विचारली. "तिथला बँड कसा आहे, सर?"

"बँड उत्तम आहे," लायल म्हणाला. "बेसूर आहोत ते आम्ही."

अशा रीतीने टॅलबॉट स्टेटने कूट्सच्या नाकावर टिच्चून चार ताऱ्यांचा खेळाडू पटकावला. शाळेच्या सभागृहात समारंभ झाला, मेजावर मागणी घालणाऱ्या सगळ्या विद्यापीठांच्या टोप्या मांडल्या गेल्या, पोराने रानडुकराची टोपी उचलली. ती डोक्यात शिरली नाही. वार्ताहरांनी तेही कौतुकाने छापलं.

पहिलं वर्ष नव्या पोराला सामन्यात न उतरवता लोणच्यासारखं मुरवत ठेवायची रीत आहे, तिचा लायलने पुरेपूर फायदा घेतला. दुसऱ्या वर्षी त्याने ऑरेलियसच्या पाठीला, मानेला आणि एकदा तर अक्कलदाढेला दुखापत झाल्याचं कळवलं. दुपारी सराव टाळून पोरगा संगीत विभागात जाई. कोणी विचारलं तर लायल सांगे, फुफ्फुसांचा व्यायाम चाललाय. (हे खरं होतं. विभागाच्या त्या वर्षीच्या निवेदनातलं बहुधा एवढंच.)

पण कूट्सच्या विद्यापीठाविरुद्धच्या घरच्या सामन्यात मामला हाताबाहेर गेला. टॅलबॉट स्टेट पिछाडीवर होतं. गेल्या दीड हंगामात प्रेक्षकांनी ऑरेलियसला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यावरचा त्यांचा विश्वास अबाधित होता. "मॅबरी, मॅबरी" असा गजर सुरू झाला. विद्यापीठाला देणग्या देणारी मंडळीही उठून उभी राहिली आणि ग्रिझमचा नाइलाज झाला.

वर कुठेतरी व्हर्लीन बसली होती. लायलने तिच्याकडे बघायचं टाळलं. त्याने पोराचं शिरस्त्राण दोन्ही हातांत धरलं. आतून दोन घाबरलेले डोळे त्याच्याकडे बघत होते.

"तुझ्या जागेचं काम समोरच्यांना अडवायचं, पण तू कोणाला अडवायचं नाही," लायल म्हणाला. "बँडमध्ये तुला न बघता मागे चालायला शिकवलंय ना? शिट्टी वाजली की मुठी छातीशी घे आणि तसा मागे चाल. बाकी जग बुडालं तरी बुडू दे."

"ताल कुठला धरू, सर?"

"तुला आवडेल तो."

समोरच्या संघाने या क्षणाची फार दिवस तयारी केली होती. चार तारे आणि एकही चित्रफीत नाही, म्हणजे प्रकरण भयंकर, हे त्यांनी ओळखलं होतं. ऑरेलियस उतरताच त्यांनी त्याच्या समोर एकाच्या जागी तिघे उभे केले, सगळ्यांत दांडगे. शिट्टी वाजली. तिघे जीव तोडून त्याच्या अंगावर झेपावले. ऑरेलियस मुठी छातीशी घेऊन तालात मागे गेला, आणि तिघे तो होता त्या जागेवर एकमेकांच्या अंगावर आडवे झाले. त्यांनी मोकळ्या सोडलेल्या वाटेने टॅलबॉट स्टेटचा धावपटू चेंडू घेऊन मैदानाच्या टोकापर्यंत गेला. मधे त्याने दोनदा मागे वळून पाहिलं, कोणी येत कसं नाही म्हणून. ही युक्ती सामना संपेपर्यंत चालली. समोरचे प्रत्येक वेळी आणखी एक माणूस त्याच्यावर वाढवत गेले, कारण तिघांना पुरून उरणाऱ्याला एकट्या माणसाने अडवणं शक्यच नव्हतं.

सामना संपल्यावर व्हर्लीन कठड्यापाशी आली. तिने पोराचे हातमोजे काढले आणि त्याची बोटं एकेक करून वाकवून पाहिली. मग लायलकडे बघून नुसती मान डोलावली. लायल तिथेच पायरीवर बसला.

त्या विजयानंतर लायलला बढती मिळाली आणि प्रशिक्षकांच्या वार्षिक अधिवेशनात 'प्रतिभेची पारख' या विषयावर बोलायला बोलावण्यात आलं. त्याने तिथे खरं तेच सांगितलं. पोराला खेळता येत नाही, मला भूक लागली होती, कूट्सने गाडी बघितली. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. इतका विनय त्यांनी कोणत्याही पारखीत पाहिला नव्हता. कूट्स पहिल्या रांगेत बसून लिहून घेत होता. त्याने शेवटी एकच शंका विचारली, मासा कोणता होता?

ऑरेलियस पदवी घेऊन एका शाळेत बँड शिकवतो. त्याची बोटं शाबूत आहेत. पिनहूकला हल्ली शुक्रवारी मध्यंतर झालं की पारखी खुर्च्या पुढे ओढतात, आणि बासरी वाजवणाऱ्या एका मुलीच्या आईला गेल्या हंगामात सात जणांनी उंची विचारली.

हे वाचून हसू येणं स्वाभाविक आहे. हसण्याआधी वाचकाने एवढंच आठवावं, की हे पुस्तक त्याने हातात घेतलं ते चाळून पाहून, की कोणीतरी 'चांगलं आहे' म्हणालं म्हणून? त्या कोणीतरीला एकदा गाठून विचारा. त्याने ते वाचलेलं नाही. तुमच्या टेबलावर पडलेलं पाहिलं होतं.