तायडेबाबू आणि आठ आण्यांचा दंड

तायडेबाबूंना घरी जायची घाई कधीच नसायची. कचेरी सुटली की ते मोर्णा नदीच्या पुलावर उभे राहायचे आणि अंधार पडल्यावर बिनदिव्याच्या सायकली मोजायचे. पोलीस नव्हते हो ते. अकोल्याच्या आमच्या कचेरीत हेडक्लार्क होते, आणि सायकलवाल्यांचा दंड त्यांच्याच टेबलावर जमा व्हायचा. महिनाअखेर पोलिसांचा हिशेब यायच्या आधीच हे वसुलीचा आकडा सांगून मोकळे. आणि तो रुपया-दोन रुपयांच्या फरकानं बरोबर निघायचा. मी शेजारच्या टेबलावर बसायचो. मला माझ्याच पगारातून किती कापलं जाणार हे सांगता यायचं नाही.

तेव्हा बिनदिव्याच्या सायकलीला आठ आणे दंड होता. तायडेबाबूंच्या मते जगात याहून शहाणा आकडा नव्हता. "दंड मिठावानी असते बाप्पा," ते म्हणायचे. "चिमूटभर असला त मानूस गुमान खाते. मूठभर टाकला त ताटच सरकवते." माझ्या लग्नाच्या पंगतीत त्यांनी हे सासऱ्यांनाही ऐकवलं. सासरे मोर्शीचे, संत्र्यांचे बागायतदार, तापट. त्यांना वाटलं वरण खारट झालं, आणि ते उष्ट्या हातानं आचाऱ्यावर धावून गेले.

मग पुण्याहून नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी पाटीवर गणित मांडल्यासारखं सांगितलं, "दंड दोन रुपये करू. उत्पन्न चौपट होईल."

"नाही होत साहेब. घटते," तायडेबाबू म्हणाले.

"ते कसं काय?"

"मानूस हाये तो साहेब. गनितातला नळ नाही."

आमच्याकडे हे साधं बोलणं. साहेबांना ते उर्मट वाटलं. ते म्हणाले, "ठीक आहे. तीन महिन्यांत वसुली वाढली, तर तुमची बदली अंजनगाव सुर्जीला." तायडेबाबूंचा जन्म जुन्या शहरातला, हयात तिथंच गेलेली. बायकोला जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगा नागपूरला नोकरीला. घरात एकटेच असले तरी अकोला सोडायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

पहिल्या महिन्यात वसुली घटली. लोक पुलाआधीच उतरून सायकल हातात धरून चालायला लागले. दुसऱ्या महिन्यात निम्मीच आली. तिसऱ्या महिन्यात तर दंड जमा करणारा पोलीस जमादार मोकळ्या हातानंच आला. साहेब रागारागानं मला घेऊन स्वतः पुलावर गेले, तर येणारी प्रत्येक सायकल दिव्यासकट.

मला मात्र शंका आली. साहेब परतल्यावर मिलमधला एक ओळखीचा कामगार पुलावरून जात होता, त्याला थांबवलं. "दिवा केव्हा घेतला रे?"

"घेतला कुठं? तायडेबाबूनं देला. सकाळी वापस द्याचा हाये."

आता बोला. या गृहस्थानं जुन्या बाजारातून पंधरा-वीस रॉकेलचे दिवे स्वतःच्या पैशानं आणले होते आणि मिल सुटायच्या वेळी पुलाअलीकडे बसून वाटत होता. मी त्यांच्या मिठाच्या सिद्धांताचा भक्त. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी गाठून म्हटलं, "बाबू, ही निव्वळ चालबाजी झाली."

"झाली," ते म्हणाले. "पन पयल्या महिन्यात आपोआप घटली होती. तेवढं शास्तर, बाकी लबाडी." आणि गाल फुगवून हसले. त्या हसण्यावर काय रागावणार?

साहेबांनी हार मानली. दंड पुन्हा आठ आणे झाला, बदली टळली, आम्ही वर्गणी काढून पेढे खाल्ले. पण वसुली काही वाढेना. वाढवला तरी घटते, कमी केला तरी घटते, म्हणून साहेबांनी शेवटी त्या विषयाचा नादच सोडला. मी नाही सोडला. एका रविवारी सकाळीच तायडेबाबूंचं घर विचारत विचारत गेलो.

दारात सात-आठ सायकली. ओसरीवर मिलची माणसं बशीत चहा ओतून पीत होती, कोणी पोराच्या परीक्षेचं सांगत होतं, कोणी फोरमनला शिव्या घालत होतं. भिंतीशी परत आलेले दिवे. तायडेबाबू स्टोव्हपाशी पातेलं धरून उभे, बंडीवर चहाचे डाग.

"बाबू, बदली त टळली," मी म्हटलं. "आता काहून सरकारचं उत्पन्न बुडवून राह्यले?"

त्यांनी आधी माझ्या हातात कप दिला. मग हळूच म्हणाले, "दिवा देला का सकाळी वापस द्याले मानूस येते, गड्या. पाच वर्सं माह्या दाराची कडी कोनी वाजवली नव्हती."

सात वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या घरी आलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुलावर जाऊन त्यांच्याकडे एक दिवा मागितला. माझ्याकडे सायकल नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी काही न विचारता रॉकेल भरलं, काच पुसली, दिवा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "सकाळी सातच्या आत आनून दे. मंग चहा थंडा होते."