कुवाबारा आजींनी लावलेली रांग

इतिहासाच्या निइझुमा सरांचा जीव प्राचीन मडक्यांत अडकला होता. दर वर्षी एप्रिलपासून ते मडकी घोळवत बसत आणि विसावं शतक उजाडायच्या आत वर्ष सरून जाई. "राहिलेलं घरी वाचा," म्हणून सर हात झटकत. परीक्षेत मात्र प्रश्न नेमके राहिलेल्यावरच काढत.

चिझुरुचं शाळेचं हे शेवटचं वर्ष. नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळाली होती, पण इतिहासात दांडी उडाली तर शाळाच सुटणार नव्हती, मग कसलं कॉलेज! शेवटी तिने ठरवलं, धडा बातम्यांसारखा खड्या आवाजात वाचायचा, म्हणजे डोक्यात बसेल. मासे भाजल्याचा धूर जावा म्हणून स्वयंपाकघराची खिडकी उघडीच होती.

"पश्चिम आशियात युद्ध भडकलं! तेलाचे भाव कडाडले! टॉयलेट पेपर बाजारातून गायब होणार, अशी अफवा..."

खिडकीखाली शेजारच्या कुवाबारा आजी बर्फ उपसत होत्या. 'गायब होणार' एवढं कानी पडायचा अवकाश, फावडं टाकून त्या निघाल्या. अफवेपर्यंत थांबायला वेळ कुणाला होता? मागच्या टंचाईत, म्हणजे १९७३ साली, त्या नव्या नवरी होत्या आणि दुकानातून रिकाम्या हाताने परतल्याबद्दल सासूने त्यांना जन्मभर टोचून खाल्लं होतं.

दुकान उघडायचं होतं, म्हणून आजी दाराशी उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे पोस्टमन उभा राहिला, त्याच्यामागे न्हावी. आमच्या गावात रांग दिसली की आधी उभं राहायचं. कशाची म्हणून विचारणं बरं दिसत नाही.

तासाभराने चिझुरुच्या आईचा फोन आला. "पुस्तक ठेव नि पळत ये! दुकान उघडतंय, माणशी एकच गठ्ठा देणारेत!"

"कसला गठ्ठा?"

"टॉयलेट पेपरचा! संपणार आहे म्हणे!"

"कोण म्हणालं?"

"अगं, सगळं गाव म्हणतंय!"

चिझुरु धापा टाकत पोचली. रांग पार देवळापर्यंत गेली होती, आणि सगळ्यात पुढे खिडकीखाली बर्फ उपसणाऱ्या आजी! तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आजी, अहो मी परीक्षेचं वाचत होते!"

 आजी पुढे सरकत म्हणाल्या, "असेल बाई. पण आता नंबर आलाय, सोडू कशी?"

दुपारपर्यंत दुकानातली फळी रिकामी झाली, आणि संपणार म्हणणारे खरे ठरले. चिझुरु कोपऱ्यात उभी राहून सगळं डोळे भरून बघत होती. अख्खा धडा समोर चालत होता.

परीक्षेत पहिलाच प्रश्न आला: तेलसंकटाच्या काळात टॉयलेट पेपरची टंचाई कशी निर्माण झाली? चिझुरुने बाह्या सरसावल्या. न विचारता उभी राहणारी माणसं, दुकानदाराचा घाम, मास्क लावून नि टोपी बदलून पुन्हा रांगेत शिरलेला एक गृहस्थ, सगळं तिने लिहून काढलं. सन तेवढा जुना घातला. पुरवणी मागणारी वर्गात ती एकटीच.

निकालाच्या दिवशी तिने भीत भीत पेपर उघडला आणि टुणकन उडीच मारली. पैकीच्या पैकी! सरांच्या हातून असे गुण आजवर कुणालाच मिळाले नव्हते. शाळा सुटली, कॉलेज पक्कं झालं, आणि आईने फोनवरच रडायला सुरुवात केली.

उत्तराखाली सरांनी लाल शाईने बारीक अक्षरात लिहिलं होतं: "उत्तम. एकच दुरुस्ती. टोपी बदललेले गृहस्थ दोनदा नव्हे, तीनदा रांगेत उभे होते."