कारंज्याचा नैवेद्य

नार्सिस पुजादेसच्या मते बार्सिलोनात अंडं नाचवणारी माणसं पुष्कळ होती, पण ज्याच्या हातून नाचावं असं खुद्द अंड्याला वाटेल असा माणूस एकच होता, आणि तो रोज सकाळी नार्सिसच्याच आरशात दाढी करत असे.

आज कॉर्पसच्या सणाचा गुरुवार. जुन्या शहरातल्या चौकाचौकांत कारंजी फुलांनी आणि चेरींनी सजली होती, आणि प्रत्येक कारंज्याच्या धारेवर एक पोकळ अंडं दिवसभर नाचायचं होतं. अंडं पडलं नाही की वर्ष चांगलं जातं. मेणबत्तीवाल्यांच्या जुन्या संघाच्या चौकातलं अंडं नार्सिसकडे होतं, त्याआधी त्याच्या बापाकडे होतं. संघात मेणबत्त्या करणारा आता कुणी उरला नव्हता, पण संघ होता, चौक होता, आणि फेलिक्स बोन्सोम्स नावाचा नवा अध्यक्ष होता. हा फेलिक्स व्यवसायाने इंजिनिअर असल्यामुळे चालू असलेली कुठलीही गोष्ट त्याला बघवत नसे.

गेल्या वर्षी अंडं तीनदा पडलं होतं आणि ते पडताना कुठल्याशा पर्यटकाने केलेलं चित्रण अर्ध्या जगाने पाहिलं होतं. फेलिक्सने ते संघाच्या सभेत पुन्हा दाखवलं.

"सेन्योर नार्सिस, प्लास्टिकचं अंडं फुटत नाही, पडत नाही, आणि बटण दाबलं की नाचतं," तो म्हणाला.

"मग तुम्हीच नाचा की बटण दाबून. अंडं कशाला मध्ये?" नार्सिस म्हणाला.

बराच वाद होऊन शेवटी ठरलं ते असं: यंदा उद्घाटनाला अंडं नीट नाचलं तर खरं अंडं राहील. पडलं, तर पुढच्या वर्षीपासून प्लास्टिक, आणि नार्सिसने कारंज्यापाशी यायचं ते चार लोकांसारखं बघायला. नार्सिस मोठ्याने हसला. पण घरी जाताना ते हसू टिकलं नाही. निवृत्त झाल्यापासून वर्षभर तो असुम्ताचा नवरा आणि मिरेयाचा बाप असे. सणाच्या त्या थोड्या दिवसांत तेवढा तो नार्सिस असे. तेही गेलं तर उरायचं काय, याची त्याला खरंच भीती वाटत होती, आणि भीती वाटली की तो जास्तच मोठ्याने बोलत असे.

तयारीत मात्र त्याने काही कमी ठेवलं नव्हतं. गावाकडच्या कोंबड्यांची अंडी आणली, सुईने भोक पाडून ती फुंकून रिकामी केली, घरच्यांना दोन्ही वेळा ऑम्लेट खायला लावलं, आणि भोकं मेणाने अशी बुजवली की खुद्द कोंबडीलाही फरक कळू नये. मग टरफलं खोक्यात मांडून वाळायला खिडकीत ठेवली. फ्रिजमध्ये जागा नव्हतीच. शनिवारी मिरेयाचं लग्न होतं आणि फ्रिजवर असुम्ताचा ताबा होता.

गुरुवारी सकाळी नार्सिसने खिडकीतला खोका उचलून अवजारांच्या पिशवीत टाकला, आणि पाना, पक्कड, नळाची चावी यांच्या वजनासकट तो चौकात हजर झाला. चौक गच्च भरला होता. टोप्या घातलेले, उन्हाने लाल झालेले पाहुणे फोन वर धरून उभे होते. फेलिक्स पुढेच हाताची घडी घालून उभा होता. नार्सिसने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि परंपरा या विषयावर बोलायला सुरुवात केली. बोलता बोलताच त्याने खोक्यातून अंडं उचललं. ते जरा जड लागलं, पण बोलत असताना हाताकडे लक्ष द्यायची नार्सिसला सवय नव्हती.

"...आणि हे अंडं, मंडळी, पडणार नाही," असं म्हणून त्याने ते धारेवर सोडलं.

अंडं धारेवर बसलं, धार दाबली गेली आणि पाणी चारी बाजूंनी फुटून पहिल्या रांगेच्या तोंडावर गेलं. मग अंडं सावकाश कलंडलं, हौदाच्या दगडी काठावर आपटलं आणि फुटलं. पिवळा बलक पाण्यात उतरला आणि चेरींमधून तरंगत निघाला. नार्सिस त्याच्याकडे बघतच राहिला. टरफलात बलक आला कुठून हे त्याला कळेना, म्हणून त्याने दुसरं अंडं सोडून पाहिलं. त्यातही होता.

फेलिक्सने घडी सोडून एक पाऊल पुढे टाकलं. तेव्हा नार्सिसच्या तोंडातून जे निघालं त्यात त्याचा स्वतःचा काही हात नव्हता असं तो पुढे असुम्ताला सांगत असे.

"हा कारंज्याचा नैवेद्य," त्याने जाहीर केलं. "आधी कारंज्याला जेवू घालायचं, मगच ते नाचवतं. फार जुनी प्रथा आहे. मनात इच्छा धरून अंडं फोडायचं. नाच बारा वाजता."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. भिजलेल्यांनी जास्त वाजवल्या.

"मी या गल्लीत जन्मलो, असली प्रथा मी ऐकली नाही," फेलिक्स त्याच्या कानाशी येऊन म्हणाला.

"तुम्ही लहानपणीही यंत्रांतच डोकं घालून बसायचात."

"बारा वाजता, सेन्योर नार्सिस. मी इथेच आहे."

नार्सिसने कोपऱ्यात जाऊन बायकोला फोन लावला. "असुम्ता, खिडकीत दोन खोके होते का?"

"होते. एक तुझा, एक माझा. माझा मी सकाळीच मठात देऊन आले. लग्न आहे ना घरात, क्लारा संतिणीला अंडी नकोत द्यायला? पाऊस आला म्हणजे?"

"कुठला नेलास?"

"डावीकडचा."

"डावीकडचा माझा."

मग असुम्ता अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे पोरीच्या लग्नात पाऊस पडू नये म्हणून मी संतिणीला रिकामी टरफलं वाहून आले?"

"हलका लागला नाही का तुला खोका?"

"जन्मभर ओरडत आलायस, अंड्यांना हात लावताना हलका लाव. लावला. आणि नार्सिस, शनिवारी लग्नाला बागेत मांडव नाहीये, नुसत्या खुर्च्या आहेत. पाऊस आला तर सगळ्या पाहुण्यांच्या डोक्यावर छत्री धरून तू उभा राहशील."

नवी अंडी फुंकून काही उपयोग नव्हता. ओलं टरफल धारेवर दारुड्यासारखं झुलतं आणि मेणही वाळलेलं नसतं. तेव्हा नार्सिसला आपली टरफलं परत हवी होती आणि असुम्ताला तिथे भरलेली अंडी पोचवायची होती. लग्न झाल्यापासून दोघांना एकाच वेळी एकाच ठिकाणी जायची इतकी घाई पहिल्यांदाच झाली असावी. ती वाटेत नवा खोका घेऊन आली आणि दोघं मठाच्या दारात भेटली.

तिथे दार म्हणजे एक भिंत आणि भिंतीत फिरणारं लाकडी कपाट. आतल्या जोगिणी बाहेर येत नाहीत आणि बाहेरचं कुणी आत जात नाही. जे द्यायचं ते कपाटात ठेवायचं आणि ते फिरवायचं. असुम्ताने घंटा वाजवली.

"आवे मारिया पुरिस्सिमा," आतून नेहमीचा नमस्कार आला. या सिस्टर कोलोमा. मठात येणारी अंडी यांच्याच हातून आत जात.

"सिस्टर, सकाळी मी लग्नाची अंडी ठेवली होती. खोका चुकला हो माझा."

"बाई, जून महिना आहे. सकाळपासून सगळ्यांची लग्नंच आहेत. तुमचा ओळखायचा कसा?"

"हलका आहे," नार्सिस म्हणाला.

"हलका म्हणजे किती हलका?"

"रिकामा."

आत कुजबुज झाली, कुणीतरी पळत गेलं, कुणीतरी पळत आलं. मग सिस्टर कोलोमा भिंतीच्या अगदी जवळ येऊन बोलल्या. "सेन्योर, आमच्या स्वयंपाकाच्या सिस्टरनी त्यातलं एक तव्यावर फोडलं. आत काही नाही. दुसरं फोडलं, त्यातही नाही. आणि भोक कुठेच नाही. सिस्टर बेनेता भिंग घेऊन बसल्या, तरी नाही. मदर म्हणाल्या, घाई नको, पण आणखी फोडूही नका. आता ती वेदीवर ठेवलीत आणि बिशपना कसं कळवावं याचा मजकूर चाललाय."

नार्सिसची छाती फुगली. "भिंग लावूनसुद्धा भोक सापडलं नाही म्हणता?"

असुम्ताने त्याच्या बरगडीत कोपर मारलं. मग त्याने सुई, फुंकर आणि मेण यांची हकिगत सांगितली. सांगताना त्याला वाईट वाटलं, कारण भिंतीपलीकडचे श्वास हळूहळू जड होत गेल्याचं त्याला ऐकू येत होतं.

"म्हणजे चमत्कार नाही," सिस्टर म्हणाल्या.

"नाही. कारागिरी आहे."

"मदरना कोण सांगणार हे? मी की तुम्ही?"

सांगितलं सिस्टरनीच. असुम्ताने भरलेला खोका कपाटात ठेवला, कपाट फिरलं, आणि थोड्या वेळाने टरफलांचा खोका बाहेर आला. नार्सिसने उघडून पाहिलं. दोन फुटलेली धरली तरी आणखी एक कमी होतं.

"एक मदरनी ठेवून घेतलंय," सिस्टर म्हणाल्या. "त्यांचं म्हणणं, चमत्कार नाही तर नाही, निदान नाच तरी बघू. मठाच्या आतल्या चौकातही कारंजं आहे. आमच्यातल्या काहींनी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलंय, बाकीच्यांनी कधीच नाही. कसं करायचं तेवढं सांगा."

बारा वाजत आले होते आणि असुम्ता त्याची बाही ओढत होती. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नार्सिसला हे विचारलं होतं. तो भिंतीला तोंड लावून सावकाश सांगू लागला. "धार आधी बारीक ठेवा. अंडं आडवं धरा. आणि टाकू नका. हातात काही आहे हेच विसरून जा, ते आपोआप सुटतं."

मग तो धावत सुटला. गल्लीच्या तोंडाशीच त्याला रांग लागली. रांग थेट चौकापर्यंत होती आणि रांगेतल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक अंडं होतं.

"माफ करा, मला पुढे जायचंय," नार्सिस म्हणाला.

"सगळ्यांनाच जायचंय, काका," पुढची गुलाबी टोपीवाली बाई म्हणाली. "आणि अंडं डाव्या हातात धरा. आधी स्वतःभोवती फिरायचं, मग फोडायचं. जुनी प्रथा आहे इथली, उलटसुलट नका करू."

"डावा हात कुणी सांगितला?"

"सगळ्यांना माहितीय."

चौकात फेलिक्स स्वागताला उभा होता. त्याने चक्क नार्सिसला मिठी मारली. "सेन्योर नार्सिस, आजवर एवढी गर्दी या चौकाने पाहिली नव्हती. बाजूच्या चौकातलं अंडं एकटंच नाचतंय, बघायला काळं कुत्रं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातली अंडी संपली, आता बाजारातून येतायत."

नार्सिसने त्याच्या खांद्यावरून कारंज्याकडे पाहिलं. हौदावर पांढऱ्या फेसाचा डोंगर चढला होता आणि फुलं त्याखाली गडप झाली होती. आत ओढलेलं पाणीच पुन्हा वर फेकणाऱ्या पंपाने इतका बलक गिळला होता की जिथून धार उडायची तिथून आता नुसता एक बुडबुडा येत होता, फुटत होता, आणि दुसरा येत होता.

"धार कुठाय?" त्याने विचारलं.

"बंद पडली. पण खरं सांगू, नाचाबद्दल कुणी विचारलंही नाही." फेलिक्सने त्याचा हात दाबला. "प्लास्टिक रद्द. तुम्ही जिंकलात. पुढच्या वर्षी खरीच अंडी, गाडी भरून आणू. नैवेद्याचे मुख्य मानकरी तुम्ही. गळ्यात रेशमी पट्टा देऊ."

"फेलिक्स, ही प्रथा मी सकाळी, तुमच्यासमोर, घाबरून काढली."

"मला माहितीय," फेलिक्स म्हणाला. "हळू बोला."

खऱ्या अंड्यासाठी नार्सिस भांडला होता, खरं अंडं राहिलं होतं, आणि नाच गेला होता. बापाने हातात दिलेली गोष्ट त्याने स्वतःच्या तोंडाने बुडवली होती. गुलाबी टोपीवाली स्वतःभोवती फिरून अंडं फोडत होती. नार्सिस खोका छातीशी धरून चौकाबाहेर पडला आणि पाय नेतील तिकडे गेला. पाय मठाकडे गेले. त्याने घंटा वाजवली.

"सिस्टर, मी अंडीवाला."

"सेन्योर, अजून पडलेलं नाही," सिस्टर कोलोमांचा आवाज धापा टाकत आला. "सगळ्या जणी आतल्या चौकातच आहेत. मदर खुर्ची टाकून बसल्यात. दुपारची प्रार्थनाही आज तिथेच झाली."

नार्सिस सरसावून भिंतीजवळ आला. "एका बाजूला कलतंय का?"

"थोडं."

"मग धार किंचित वाढवा. किंचित म्हणजे किंचित."

पावलं दूर गेली. भिंतीपलीकडे पाण्याचा आवाज जरा चढला, मग पुष्कळ बायका एकदम हसल्या. त्यात काही आवाज फार म्हातारे होते. नार्सिसला समोर दगडी भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं, तरी तो डोळे बारीक करून बघत होता.

"आता?"

"आता मधोमध. काय सुंदर नाचतंय हो, सेन्योर."

खिशातला फोन वाजला. असुम्ता होती. "आहेस कुठे? तो फेलिक्स तुला शोधतोय, पट्ट्याचं माप हवंय म्हणे."

"कामात आहे. अंडं नाचवतोय."

"पडलं का?"

"माझं अंडं पडत नसतं," नार्सिस म्हणाला आणि फोन बंद करून भिंतीलगतच्या बाकावर बसला.

"सेन्योर," सिस्टर आतून म्हणाल्या, "मदर विचारतायत, पुढच्या वर्षी याल ना?"

"येईन की. तुमची हरकत नसेल तर दर वर्षी येईन," तो म्हणाला. "फक्त सिस्टर, तुमच्याकडे अंडी भरपूर येतात. त्यातलं एकही कारंज्यात फोडायचं नाही. कुणी काहीही सांगितलं तरी."

"आम्हाला कोण सांगणार असलं? आणि कारंज्यात अंडं कोण फोडतं?"

"कुणी नाही," नार्सिस म्हणाला. "तुम्ही धारेकडे बघा."