बसलेला सोफा

सोफेवाल्या काकांच्या दुकानात सोफे पुष्कळ होते, पण काका स्वतः बसायचे लाकडी स्टुलावर. दुकानाच्या दारावर त्यांनी आपल्या हातानं पाटी रंगवली होती : 'आमच्या सोफ्यावर तुमच्याआधी कुणीही बसलेलं नाही!' आणि ही नुसती बढाई नव्हती हो. स्प्रिंगा तपासायच्या तरी काका वाळूचं पोतं ठेवून तपासायचे. एकदा काकू दमून जरा टेकल्या, तर काका "अगं अगं, गिऱ्हाइकाचा आहे तो!" असे ओरडले की काकूंनी पुन्हा दुकानात बसायचं नावच काढलं नाही. घरात मात्र सोफा नव्हता. 'हे एवढं काम उरकलं की आपला करू,' असं काका लग्नापासून म्हणत होते आणि काम काही उरकत नव्हतं.

त्या दिवशी काकू डबा घेऊन आल्या त्या ठरवूनच.

"आज संध्याकाळी चहाला घरी यायचं. उभ्याउभ्या नाही. माझ्याशेजारी बसून प्यायचा."

"अगं, आज हेडबाईंचा सोफा जायचाय. बाईंनी शाळा सोडली, पण छडी सोडलेली नाही."

"मग तो गेल्यावर या. नाही आलात तर मी चालले बहिणीकडे राहायला. तिच्याकडे सोफा आहे."

काका चरकले. काकू उगाच धमकी देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी भराभर शेवटचे खिळे ठोकले, धूळ बसू नये म्हणून सोफ्यावर चादर टाकली आणि शेवटचं एकदा पोतं ठेवून पाहिलं. आतून बारीकशी कुरकुर ऐकू आली.

झाली का पंचाईत! कुरकुर नेमकी कुठून येते ते कळेना. मग काका चादरीत शिरले आणि गादीला कान लावून आडवे झाले. बसायचं नाही, हा नियम त्यांनी पाळलाच. पण हेडबाईंच्या घाईपायी दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. कुरकुर ऐकता ऐकता काका घोरायला लागले.

थोड्या वेळानं टेम्पोवाला आणि त्याचा मेहुणा आले. काका दिसेनात. काकांचं घोरणं तोवर थांबून गाढ झोप लागलेली.

"केवढा जड आहे रे!" मेहुणा कण्हला.

"काकांचं काम आहे बाबा. लाकडात काटकसर नाही," टेम्पोवाला कौतुकानं म्हणाला, आणि दोघांनी दातओठ खात सोफा चढवला.

काकांना जाग आली ती टाळ्यांच्या आवाजानं. हेडबाईंनी सोफ्याच्या उद्घाटनाला मैत्रिणी बोलावल्या होत्या. बाईंनी ऐटीत चादर ओढली. आत काका, केस पिंजारलेले, गालावर शिलाईची रेघ उमटलेली.

"तुम्ही?" बाई किंचाळल्या. "माझ्या सोफ्यावर बसलात?"

"बसलो नाही हो बाई, शपथेवर सांगतो! झोपलो होतो!"

खुलाशानं प्रकरण आणखी चिघळलं. मैत्रिणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

"कुठे आहात?" काकूंचा आवाज.

"सोफ्यावर आहे गं."

"थापा मारायलाही काहीतरी अक्कल लागते! मी पिशवी भरतेय," म्हणून काकूंनी फोन ठेवला.

"हा सोफा परत न्या," हेडबाईंनी निकाल दिला. "पाटी तुम्हीच लावली आहे. मला न बसलेला हवा!"

टेम्पोवाल्यानं आणि मेहुण्यानं सोफा पुन्हा चढवला. दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती, म्हणून टेम्पो घराकडे वळला. पुढे दोघांचीच सोय, त्यामुळे काका मागे सोफ्यावर बसले. ऊन उतरलं होतं, वारा छान सुटला होता. रस्त्यातली माणसं बघून हसत होती. आधी काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग एका चिमुरडीनं हात हलवला, तेव्हा त्यांनीही हलवला. पुढच्या वळणापासून तर ते आपणहूनच सगळ्यांना हात करायला लागले.

काकू पिशवी घेऊन दारातच उभ्या होत्या. सोफ्यावर बसून येणारा नवरा पाहिला आणि त्यांच्या हातून पिशवी गळालीच.

सोफा आत लागला. चहा आला. दोघं शेजारी शेजारी बसली, आणि सोफा कुरकुरला. काका ताडकन उठायला गेले.

"बसा!" काकू म्हणाल्या. "कुरकुरू दे. इतकी वर्षं मी एकटीच कुरकुरत होते."

काका बसले. पाठ टेकली. चहाला इतकी चव असते हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि ते त्यांनी काकूंना सांगूनही टाकलं. काकू लाजून चक्क खिडकीबाहेर बघायला लागल्या.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. हेडबाई होत्या.

"अहो, मी विचार केला. उचलला, नेला, आपटला, तरी तुम्ही जागे झाला नाहीत! मला मेली झोपच लागत नाही. तोच सोफा पाठवा बघू, आत्ताच्या आत्ता."

काका सवयीनं "हो बाई" म्हणून उठणार, तोच काकूंनी फोन काढून घेतला.

"नाही हो जमायचं," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "आमच्या दुकानाचा नियमच आहे. बसलेला सोफा आम्ही गिऱ्हाइकाला देत नाही. आणि यावर आमचे हे बसलेत."