‘सही राहिली’मध्ये मंजूर झालेला साकव

बंद पडून बावीस वर्षं झालेल्या ‘सही राहिली’ या विनोदी मालिकेतल्या कचेरीने त्या उन्हाळ्यापासून प्रेक्षकांचे अर्ज घ्यायला सुरुवात केली. वेळ जुने भाग दाखवतात तीच, दुपारी दोन ते अडीच.

वत्सलाबाई डोईफोडे यांनी पहिल्याच आठवड्यात अर्ज दिला. वाडीच्या ओढ्यावर साकव हवा होता. तालुक्याच्या कचेरीत त्या नऊ वर्षं हेलपाटे घालत होत्या. मागच्या पुरात दिवस भरलेल्या सुनेला चौघांनी खाटेवर घालून छातीभर पाण्यातून पलीकडे नेलं होतं.

मालिकेतले हेडक्लार्क निरगुडकर यांनी टीव्हीच्या काचेतून कागद आत ओढून घेतला, उलटसुलट पाहिला.

“बाई, आमच्याकडे आजवर एकही फाइल हललेली नाही. त्यावरच तर मालिका चालते. तुमची हलवली, तर लोक आम्हाला बघतील कशाला?”

वत्सलाबाईंनी तांदूळ पाखडायचं सूप बाजूला सारलं.

“रावसाहेब, तुमचा एकेक भाग मी दहा-दहा वेळा पाहिलाय. तो काय फाइल अडते म्हणून? कचेरीत साहेब खेकसतो, तेव्हा मान खाली घालून यावं लागतं. घरी तुम्हाला बघितलं की त्याच साहेबाला पोटभर हसून घेते. मग उद्या परत जायचं बळ येतं. पण हसून ओढा ओलांडता येत नाही हो.”

निरगुडकर गप्प झाले. एरवी त्यांच्या प्रत्येक गप्प बसण्यावर हशा वाजायचा. तो वाजला नाही.

“जाहिरातींनंतर या,” ते म्हणाले.

जाहिराती संपल्या. चारशे भागांत पहिल्यांदाच निरगुडकरांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. शिपायाने शिक्का हाणला. मंजुरीचा कागद काचेतून बाहेर आला, तो अजून ओला होता.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या साहेबांनी जावक क्रमांक तपासला.

“सही सक्षम अधिकाऱ्याची आहे,” ते उठून उभे राहत म्हणाले. “आमचे वडील निरगुडकरांना फार मानायचे. बसा, वत्सलाबाई.”

नऊ वर्षांत त्यांना खुर्ची मिळाली ती त्या दिवशी.

मृगाच्या आधी साकव उभा राहिला. सून लेकराला कडेवर घेऊन कोरड्या पावलांनी पुढे निघाली, मागून हलगी. पलीकडे कुणाचंच काही काम नव्हतं, तरी अख्खी वाडी त्या दिवशी सात वेळा ओढा ओलांडून आली.