चालक जागा आहे

जीवनच्या डाव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटलेलीच असे, अगदी जन्मापासून. त्याच डोळ्याने त्याने सव्वीस वर्षं हरेशशेठच्या बसगाड्या पुण्याला आणि गोव्याला नेल्या, आणि वाटेत कुणाच्या कोंबडीलाही धक्का लावला नाही. म्हणून परदेशी कंपनीची नवी बस कळंबोलीत आली आणि आसपासचे चौदा बसमालक ती बघायला जमले, तेव्हा चालवायला शेठने त्यालाच बसवलं.

कंपनीला इथे पाय रोवायचे होते आणि देशी बस निम्म्या किमतीत मिळत होती. तेव्हा कंपनीच्या गोऱ्या साहेबाने निदान आपल्या बसला मराठी शिकवून आणलं होतं. साहेब आणि चौदाही मालकांना बसवून आपट्यापर्यंत जायचं, परत यायचं, मग जेवण, एवढाच बेत होता.

खांदा कॉलनी मागे पडली न पडली तोच जीवनची सीट थरथरली आणि एक गोड बायकी आवाज आला, "चालक झोपला आहे."

मागच्या गप्पा थांबल्या.

"मी झोपलो नाय, शेठ!" जीवन ओरडला.

"चालक झोपला आहे. बस थांबवत आहे." आणि बस आपली आपण कडेला जाऊन उभी राहिली.

कंपनीचा विक्रेता दीपेश धावत पुढे आला. त्याने काचेवरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं, जीवनच्या पापणीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "काका, तो डोळा जरा मोठा करा ना."

"पन्नास वर्षांत झाला नाय, तो आता व्हईल?"

"ते यंत्र बंद कर ना!" शेठ दबक्या आवाजात खेकसले.

"सर, तेच तर आमचं मेन फीचर आहे!"

शेवटी दीपेशने भेटवस्तूंच्या खोक्यावरची चिकटपट्टी काढली आणि जीवनची पापणी वर ओढून भुवईला चिकटवून टाकली. "चालक जागा आहे," बस म्हणाली.

महामार्गावर एसीचा गार वारा त्या उघड्या डोळ्यावर थेट येऊ लागला. डोळा झोंबला, मग दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या. समोरचा एक ट्रक जीवनला दोन दिसू लागला.

"दीपेशशेठ, मला काय दिसत नाय!"

"हळू बोला! बस खूश आहे."

"चालक जागा आहे. आपला प्रवास सुरक्षित आहे," बसने ग्वाही दिली.

आपटा फाट्यावर पेंढ्याचा एक टेम्पो अचानक आडवा आला. जीवनने एका हाताने पट्टी उपटली, अर्धी भुवई तिच्याबरोबर गेली, आणि जीव खाऊन ब्रेक मारला. टेम्पोपासून वीतभर अंतरावर बस उभी राहिली. चौदा मालक पुढच्या सीटांवर आदळले.

त्या शांततेत बस म्हणाली, "चालक झोपला आहे."

गोरा साहेब ताडकन उठला. चालक झोपला आणि आमच्या बसने तुम्हा सर्वांना वाचवलं, असं तो म्हणाला. दीपेशने ते मराठीत सांगितलं. सांगताना जीवनकडे बघितलं नाही. टाळ्या पडल्या.

"अवो, ब्रेक मी मारला!"

कुणी ऐकलं नाही. एक मालक विचारत होता, "कुठला चालक कधी डुलकी घेतो, हे मला घरबसल्या मोबाईलवर दिसेल?"

"दिसेल, सर. पगार कापायलाही सोपं."

जेवणाआधी अकरा बस विकल्या गेल्या. त्यांतल्या तीन हरेशशेठनी घेतल्या.

आठवड्याने कंपनीच्या नव्या दुकानाचं उद्घाटन झालं. सेवानिवृत्त चालक म्हणून जीवनला शाल आणि श्रीफळ दिलं. आपण सेवानिवृत्त झालो, हे त्याला माईकवरूनच कळलं.

शाल पांघरवायला शेठ जवळ आले, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "शेठ, ब्रेक कोनी मारला, तुमाला ठाव हाय ना?"

"माहीत आहे रे," शेठ शाल सारखी करत म्हणाले. "पण उद्या काही झालं, तर विमावाले तुला विचारणार नाहीत. बसला विचारतील."

फोटोवाला दोघांना हसायला सांगत होता. शेठ हसले.